गिनीची पिल्लं खुडूक कोंबडीखाली वाढवताना

गिनी, म्हणजे ठिपक्यांची गिनी कोंबडी (गिनी फाउल). तिची माझी पहिली २० पिल्लं होती, त्यातली १४ गेली. साप नाही, मुंगूस नाही, माझ्याच हातानं गेली म्हणा. ४ पाण्याच्या ताटलीत बुडाली, ३ वर्तमानपत्रावर घसरून पाय फाकून बसली ती उठलीच नाहीत, आणि ७ एका सकाळी, 'जरा ऊन खाऊ देत' म्हणून मी त्यांना ओल्या गवतावर सोडलं तेव्हा. राहिलेली ६ चांगली मोठी झाली. मग एका संध्याकाळी दारातल्या लिंबावर चढली ती खाली यायलाच तयार नाहीत. रानमांजरानं महिनाभरात एकेक करून सगळी उचलली.

तेव्हा आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "कोंबडीची पिल्लं आयच्या मागं घरला येत्यात. ह्यास्नी आयच न्हाई, तर घर कुठनं ठावं असणार?"

त्या एका वाक्यावर मी पुढची सगळी वर्षं गिनी पाळली. आता दर उन्हाळ्यात २५-३० पिल्लं निघतात आणि ३-४ जातात, बाकीची जगतात. आम्ही सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातले. पाऊस कमी, बाजरी-ज्वारीची जमीन, घरामागं दगडी ताल, म्हणजे रचलेला बांध, आणि तालीत साप. गिनी आणली ती त्या सापांसाठीच. ती सापाला पळवून लावते, मारते वगैरे जे सांगतात त्यावर फार जाऊ नका. नाग निघाला की सगळ्या मिळून त्याच्याभोवती गोल करतात आणि गाव गोळा होईल एवढा कालवा करतात. आपण हातात काठी घेऊन पोहोचेपर्यंत साप कुठं आहे ते कळलेलं असतं. माझ्या लेखी एवढं पुष्कळ आहे.

हा पक्षी मूळचा आफ्रिकेतला. गिनी हे नाव तिकडच्या पश्चिम किनाऱ्याचं. आपल्याकडं बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेनं कादंबरी, चितांबरी आणि श्वेतांबरी अशा तीन जाती तयार केल्या आहेत. माझ्याकडं आहे ती काळ्या-करड्या अंगावर पांढरे ठिपके असलेली, कादंबरीसारखी. आमच्या गल्लीत तिला सगळे 'ठिपक्याची' म्हणतात.

अंडी आणि तारखांचा हिशोब

गिनी वर्षभर अंडी देत नाही. साधारण मार्च-एप्रिलपासून पावसाळा सरेपर्यंत देते, आणि नीट खायला असेल तर एका हंगामात शंभराच्या आसपास देते. अंडं कोंबडीच्या अंड्यापेक्षा लहान, ३८-४० ग्रॅमचं, एका टोकाला चांगलंच निमुळतं, आणि कवच असं टणक की ऑम्लेट करताना काठावर एकदा टिचकून भागत नाही. ह्या कवचामुळं ती प्रवासात टिकतात, म्हणून लांबून आणायची असतील तर पिल्लांपेक्षा अंडी आणा.

उबवायची अंडी सात दिवसांच्या आतली घ्यावी. आमच्याकडं एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या घरात अंडं ठेवलं तर ते अर्धवट उबायला लागतं आणि मग आतल्या आत मरतं. मी माठाच्या तिवईखाली ओलसर वाळूचं घमेलं ठेवते, त्यावर कोरडं फडकं, त्यावर अंडी, निमुळतं टोक खाली. धुवायची नाहीत. घाण लागलेली असतील तर ती आपण खावी, कोंबडीखाली ठेवू नयेत.

आता खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेली कोंबडी. गावरानच हवी. पिंजऱ्यातल्या अंड्याच्या कोंबड्या खुडूक बसायचं विसरून गेल्यात. जी कोंबडी आधी एकदा तरी पिल्लं काढून मोठी करून बसली आहे, ती पहिली पसंत. नवीन तलंग, म्हणजे नुकतीच अंड्यावर आलेली कोंबडी, शक्यतो नको, कारण तिचं काम लांबणार आहे. कोंबडीचं अंडं २१ दिवसांत फुटतं, गिनीचं २६ ते २८ दिवसांत. म्हणजे तिला आठवडाभर जास्त बसायचं आहे. बहुतेक कोंबड्या बसतात, त्यांच्याकडं कॅलेंडर नसतं. पण त्या चार आठवड्यांत ती निम्मी होते, म्हणून तिच्या पुढ्यात हात लांब करून मिळेल असं ज्वारी-बाजरीचं भांडं आणि पाणी ठेवा. ती दिवसातून एकदा उठते, हागते, धुळीत लोळते, परत बसते. त्या वेळी तिला हुसकू नका.

एका कोंबडीखाली गिनीची १५-१६ अंडी मावतात. मी १४ ठेवते, आणि दोन-तीन जागा कोंबडीच्या अंड्यांसाठी राखते. ही माझ्या सगळ्या पद्धतीतली मुख्य मेख आहे. समजा १ तारखेला गिनीची अंडी ठेवली. तर ७ तारखेला, संध्याकाळी अंधार पडल्यावर, त्याच कोंबडीखाली तिची स्वतःच्या जातीची ३ अंडी सरकवायची, पेन्सिलीनं खूण करून. २८ तारखेला दोन्ही एकदम फुटतात. एकाच दिवशी सगळी अंडी ठेवलीत तर २१व्या दिवशी कोंबडीची पिल्लं बाहेर येतात, आई त्यांना घेऊन चालू लागते आणि गिनीची अंडी गार पडतात. पहिल्या वर्षी शेजारच्या वहिनींचं असंच झालं. १२ अंडी होती, फोडून बघितली तर आत पूर्ण भरलेली पिल्लं.

ही ३ पिल्लं कशाला, ते पुढं सांगते.

दहाव्या दिवशी रात्री बॅटरीवर अंडी बघून घ्या. कवच जाड असल्यानं कोंबडीच्या अंड्याइतकं स्पष्ट दिसत नाही, पण भरलेलं अंडं काळसर दिसतं आणि रिकामं पिवळं. आमच्या कोरड्या हवेत २४व्या दिवसापासून मी रोज एकदा, कोंबडी खायला उठली की, अंड्यांवर कोमट पाण्याचे दोन-चार शिंतोडे मारते. कवचाच्या आतली पापडी वाळून पिल्लू आतच अडकतं, ते त्यानं टळतं. कोकणात कुणी वाचत असेल तर तिथं ह्याची गरज नाही.

अंडी फुटायच्या आठवडाभर आधी कोंबडीच्या पंखाखाली, शेपटीच्या मुळाशी बोट घालून उवा बघा. उवा असतील तर आधीच पशुवैद्यकाकडून पावडर आणून लावा, कारण पिल्लं निघाल्यावर त्या सगळ्या त्यांच्या डोक्यावर चढतात. आणि खुराड्याच्या फटीत गोचीड असेल तर त्या खुराड्यात बसवूच नका. मी जुनी पाटी घेते, तळाला गोणपाट, वर वाळलेलं गवत, आणि पाटीचे चारी पाय, म्हणजे खालच्या चार विटा, राखेच्या रिंगणात. फुटलेल्या अंड्याच्या वासाला मुंग्या येतात, राखेनं त्या अडतात.

पिल्लं विकत आणली असतील तर

उबवणी केंद्रातून एक दिवसाची पिल्लं आणून खुडूक कोंबडीला देता येतात, पण ती किमान दोन आठवडे बसलेली असावी. आजच बसलेली कोंबडी पिल्लांना चोच मारते. काम रात्री करायचं. दिवा न लावता एकेक अंडं काढायचं, एकेक पिल्लू सरकवायचं. सकाळी उजाडायच्या आधी तिथं जाऊन बसा. गिनीचं पिल्लू तपकिरी, पाठीवर पट्टे, पाय लालसर, दिसायला तितराच्या पिल्लासारखं. एखादी कोंबडी ते बघून बिचकते. तिनं 'टुक-टुक' करून पिल्लांना बोलावलं की समजा जमलं. पिसं फुलवून टोचायला लागली तर लगेच काढून घ्या आणि बल्बखाली ठेवा.

बल्बखाली वाढवणं जमतच नाही असं नाही. पहिल्या आठवड्यात ३५ अंश, मग दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी. एका पिल्लामागं दोन वॅट असा ढोबळ हिशोब. थर्मामीटर नसला तरी चालतं, पिल्लंच सांगतात. बल्बखाली एकमेकांवर चढली तर थंडी वाजतेय, भिंतीला जाऊन चोच उघडून बसली तर उकडतंय, आणि सगळीकडं विखरून चरत असली तर ठीक. जागा गोल करा. पुठ्ठ्याचं किंवा पत्र्याचं वर्तुळ चालतं, पण कोपरा नको. गिनी घाबरली की सगळ्या एका कोपऱ्यात घुसतात आणि खालच्या गुदमरून मरतात. आमच्याकडं रात्रीची वीज जाते, म्हणून मी दोन लिटरच्या बाटल्यांत गरम पाणी भरून फडक्यात गुंडाळून ठेवायची. शेगडी मात्र बंद खोलीत ठेवू नका. पिल्लांना धूर सोसत नाही, आपल्यालाही नाही.

ही सगळी रात्रपाळी कोंबडी फुकट करते.

पहिले तीन दिवस

पाणी उथळ भांड्यात आणि भांड्यात गोट्या. माझ्या नातवाच्या काचेच्या गोट्या ज्येष्ठ-आषाढात माझ्याकडं असतात. पिल्लाची चोच गोट्यांच्या फटीत जाईल, पण अंग जाणार नाही एवढंच पाणी. गिनीचं पिल्लू पाण्यात पडून मरतं ते नुसतं बुडून नाही. भिजलं की गारठतं आणि तासाभरात मान टाकतं. भिजलेलं सापडलं तर फडक्यानं टिपा आणि आईखाली किंवा स्वतःच्या पोटाशी धरा. मी अशी कितीतरी पदरात घेऊन भाकरी थापली आहे.

खाली वर्तमानपत्र नको, प्लास्टिक नको, लादी तर नकोच. पाय घसरले की मांडीतून फाकतात. गोणपाट किंवा जुनी सतरंजी घाला. भाताचं तूस किंवा लाकडाचा भुसा चार-पाच दिवसांनी, कारण आधी दिला तर खाणं समजून तेच खातात. पाय फाकलेलं पिल्लू पहिल्याच दिवशी दिसलं तर मऊ लोकरीच्या धाग्यानं दोन्ही पाय एकमेकांपासून बोटभर अंतरावर बांधून ठेवा. दोन दिवसांत सुधारतं, तिसऱ्या दिवशी सापडलं तर सहसा नाही सुधारत.

आणि आता ती ३ कोंबडीची पिल्लं. गिनीचं पिल्लू चपळ असतं पण खाण्याच्या बाबतीत मठ्ठ. दाणे पायाखाली असतात आणि ते भिंतीवरच्या ठिपक्याला टोचत असतं. कोंबडीचं पिल्लू मात्र जन्मल्या दिवशी चोच मारायला शिकतं, आणि त्याचं बघून बाकीची शिकतात. मी त्यांना मास्तर म्हणते. विकत घेतलेली पिल्लं बल्बखाली वाढवतानाही सोबत दोन-तीन मास्तर त्याच वयाचे, गावरानच टाका. ब्रॉयलरची पिल्लं नकोत, ती पंधरा दिवसांत अंगानं एवढी वाढतात की गिनीची पिल्लं त्यांच्याखाली चिरडतात.

खाणं, आणि पोत्यावरचं एक नाव

गिनीच्या पिल्लाला कोंबडीच्या पिल्लापेक्षा जास्त प्रथिनं लागतात, पहिल्या पाच-सहा आठवड्यांत २४ ते २६ टक्के. बाजारातल्या चिक स्टार्टरमध्ये, म्हणजे कोंबडीच्या पिल्लांच्या तयार खाद्यात, २० च्या आसपास असतात. मी १० किलो स्टार्टरमध्ये २ किलो सोयाबीन पेंड बारीक करून मिसळते. पेंडीत साधारण ४५ टक्के धरली तर बेरीज २४ च्या थोडी वर जाते. शिवाय रोज उकडलेलं अंडं कुस्करून, कवचासकट नाही, १५ पिल्लांना एक. मास्तरांना आणि आईला हेच खाणं चालतं. अंड्यावरच्या कोंबड्यांचं लेअर खाद्य मात्र पिल्लांच्या तोंडाला लागू देऊ नका. त्यात चुन्याचं प्रमाण भरपूर असतं आणि पिल्लांची मूत्रपिंडं त्यानं खराब होतात.

शेंगदाण्याच्या पेंडीला पावसाळ्यात बुरशी धरते, म्हणून त्या दिवसांत मी ती वापरत नाही. स्वस्तातली प्रथिनं हवी असतील तर वाळवी. जुनं मडकं घ्या, त्यात वाळलेलं शेण आणि ज्वारीची ताटं कोंबा, पाणी शिंपडा आणि बांधावर वाळवीच्या जागेवर पालथं घाला. दुसऱ्या दिवशी सकाळी उचलून पिल्लांसमोर झटका. घाना, बुर्किना फासो ह्या देशांतले शेतकरी गिनीची पिल्लं अशीच वाढवतात. मी हे करून बघितलं तेव्हा पिल्लांनी मडक्यावर अशी झडप घातली की आई बाजूला उभी राहिली.

आता पोत्यावरचं नाव. कोंबड्यांच्या खाद्यात रक्ती हगवण होऊ नये म्हणून औषध घातलेलं असतं. त्यातलं मोनेन्सिन नावाचं औषध कोंबडीला चालतं, पण गिनीच्या जिवावर उठतं. घोड्याचंही तसंच. एकाच भांड्यात कोंबडीला आणि गिनीला खायला घालणाऱ्यांनी हे पाठच करावं. पोत्यावरची चिठ्ठी वाचा, चिठ्ठीवर औषधाचं नाव नसेल तर दुकानदाराला विचारा, त्याला सांगता येत नसेल तर दुसरं पोतं घ्या. मी औषध न घातलेलं खाद्य घेते. लघवीसारखं पाणचट किंवा रक्ताळ हागताना पिल्लू दिसलं तर पशुवैद्यकाला विचारून अँप्रोलियम पाण्यातून देते. खालची गादी कोरडी असेल तर ही वेळ क्वचित येते.

लसीचं थोडक्यात. गिनी काटक असते, पण ती कोंबड्यांत राहणार असेल तर तिला वेगळं काढू नका. मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, लासोटा लस ५ ते ७ दिवसांत डोळ्यात एक थेंब, पुढचं वेळापत्रक तुमच्या दवाखान्यातून घ्या. बाटली शंभर पक्ष्यांची येते आणि पाणी मिसळल्यावर दोन तासांत संपवावी लागते. त्यामुळं आळीतल्या चार घरांनी एकच दिवस ठरवावा. बर्फाच्या डब्यातून आणायची. खिशात घालून मोटारसायकलवरून आणलेली लस म्हणजे पाणीच.

दव

पहिले सहा आठवडे पिल्लू ओलं होता कामा नये. मोठी गिनी उन्हात-थंडीत लोखंडासारखी असते, पण पिल्लाच्या लवेला तेल नसल्यासारखं ती भिजते. गिनी स्वतः आई झाली की ह्याच बाबतीत नापास होते. पहाटे उठून पिल्लांना दवातून फरफटत नेते, मागं वळून बघत नाही. सकाळी १४ घेऊन निघालेली संध्याकाळी ५ घेऊन आलेली मी बघितली आहे. म्हणून गिनीच्या स्वतःच्या पोटाखाली मी कधी अंडी ठेवत नाही.

गावरान कोंबडी शहाणी, तरी तिलाही थोडं बांधून ठेवावं लागतं. गिनीची पिल्लं पायानं फार पळतात, तिच्या पिल्लांच्या दुप्पट लांब जातात. पहिले दोन आठवडे मी कोंबडीला अंगणात डालग्याखाली, म्हणजे पालथ्या टोपलीखाली, झाकते, एका बाजूला डालग्याखाली वीट लावून. पिल्लं त्या फटीतून आत-बाहेर करतात. तिचा आवाज जिथं आहे तिथंच ती घुटमळतात, घार दिसली की ती ओरडते आणि सगळी फटीतून आत. दहा वाजता गवत वाळल्यावर काढायचं, पाच वाजता आत घ्यायचं. ढग भरून आले तर त्या दिवशी काढायचंच नाही. तिसऱ्या आठवड्यात ती आईमागं फिरायला लागतात. तोवर पंख फुटलेले असतात आणि डालग्यावर उडून बसतात, आईच्या पाठीवरही.

रात्रीच्या जागेला बारीक भोकांची जाळी लावा. कोंबड्यांची नेहमीची मोठ्या भोकाची जाळी मुंगसाला आणि उंदराला दारासारखी असते.

घर शिकवणं

इथं घाई करू नका. गिनीला वाढवायला सहा आठवडे लागतात, पण तिला घर शिकवायला तीन महिने.

आमच्या घरात बाजरीचा एक पत्र्याचा डबा आहे. पिल्लं दोन आठवड्यांची झाली की रोज संध्याकाळी पाच वाजता, खुराड्याच्या दाराशी उभी राहून, मी तो डबा वाजवते आणि मूठभर बाजरी खुराड्याच्या आत टाकते. बाहेर एक दाणासुद्धा नाही. आधी आई येते, तिच्यामागं तिची तीन, आणि त्यांच्यामागं गिनी. ही साखळी आहे. आईला घर माहीत आहे, तिच्या पिल्लांना आई माहीत आहे, आणि गिनीला आपला घोळका माहीत आहे. गिनी एकटी कधी काही करत नाही. घोळका आत गेला की ती आत. बल्बखाली वाढवलेल्या माझ्या पहिल्या सहांचा घोळका फक्त सहांचाच होता, आणि त्यातलं कुणीच घर ओळखत नव्हतं.

सात-आठ आठवड्यांनी कोंबडी पिल्लांना झटकते, टोचून लांब करते आणि परत अंड्यावर येते. तिची तिन्ही पिल्लं समजून घेतात. गिनी समजत नाहीत. आईपेक्षा उंच झालेल्या चौदा जणी तिच्यामागं रांगेनं फिरतात, ती अंडं घालायला बसली तर बाहेर उभ्या राहून वाट बघतात. ह्या काळात ती कोंबडी विकू नका आणि पाहुण्यांना कापूही नका. आमच्याकडं एका वर्षी दिवाळीच्या आधी तसं झालं आणि चार दिवस पोरी संध्याकाळी दारातून मागं फिरून लिंबाकडं जात होत्या.

ह्याच सुमाराला झाडाची ओढ लागते. गिनीला उंचावर झोपायचं असतं. खुराड्यात जमिनीपासून चार-पाच फुटांवर जाड काठ्या आडव्या बांधा, कोंबड्यांच्या काठ्यांपेक्षा वर, म्हणजे जागेवरून भांडण होत नाही. जागा दर पक्ष्याला दोन-तीन चौरस फूट तरी असावी. पहिल्यांदा जी झाडावर जाईल तिला त्याच रात्री, अंधार झाल्यावर, काठीनं हळूच खाली घ्या. एकीला मोकळी सोडली तर तिसऱ्या दिवशी सगळ्या वर. धरताना पाय धरू नका, पाय निखळतो. दोन्ही हातांनी पंखांसकट अंग धरायचं. पंख कापावेत असं काहीजण सांगतात. मी कापत नाही, कुत्रं मागं लागलं तर तिच्याकडं दुसरं काय आहे?

मोठी गिनी विकत आणली तर तिला पाच-सहा आठवडे खुराड्यात कोंडूनच ठेवावं लागतं. मग दोन सोडायच्या, बाकीच्या आत ठेवायच्या. आतल्यांच्या आवाजानं बाहेरच्या परत येतात. सगळ्या एकदम सोडल्या तर त्या पुढच्या गावी सापडतात, सापडल्या तर.

आणि जाळीचं कुंपण असेल तर रोज संध्याकाळी एक तमाशा बघायला तयार राहा. एक गिनी बाहेर राहते, बाकीच्या आत. दार सताड उघडं, चार हातांवर. ती दाराकडं जात नाही. जाळीला चोच लावून इकडून तिकडं, तिकडून इकडं पळत राहते आणि ओरडत राहते. आपण मागून हळूहळू, हात पसरून, तिला दारापर्यंत न्यायचं. रागावून उपयोग नाही, मी रागावून बघितलंय.

कोंबड्यांशी भांडण

लहानपणी एकत्र वाढल्या म्हणून पुढं गोडीनं राहतील असं नाही. पहिलं वर्ष बरं जातं. दुसऱ्या उन्हाळ्यात, अंड्याचा हंगाम आला की गिनीचे नर कोंबड्याला धरतात. शेपटीचं पीस चोचीत पकडून त्याला अंगणभर पळवतात, आणि तो थांबला की दुसरा नर पुढून येतो. घरचाच, सोबत वाढलेला कोंबडा असेल तर एवढं होत नाही, बाहेरून आणलेल्याला मात्र सोडत नाहीत. माझा उपाय साधा आहे. खाण्याची दोन भांडी, एकमेकांपासून लांब. पाण्याची दोन. दिवसा सगळ्यांना मोकळं रान. बंद जागेत दिवसभर कोंडलेली गिनी आणि कोंबड्या हे जमत नाही, निदान मला जमलेलं नाही. कोंबडीची नवीन लहान पिल्लं असतील तेव्हा ती वेगळ्या जाळीत ठेवा, मोठी गिनी त्यांना चोच मारते.

नर जास्त झाले की त्रास वाढतो, म्हणून आधी ओळखता आले पाहिजेत. अंगावरून ओळखणं अवघड. नराच्या गालाखालचे लाल लोंबते भाग मोठे असतात, पण ते तीन-साडेतीन महिन्यांनी कळतं. आवाज त्याआधी कळतो. दोन महिन्यांच्या आसपास मादी दोन तुकड्यांत ओरडायला लागते, दुसरा तुकडा वर चढलेला. आत्याबाईंना त्यात 'अक्-रीत! अक्-रीत!' ऐकू येतं. "दिसभर अक्रीत झालं म्हनून बोंबलत्यात, आन झालं काय तर टपालवाला आला," असं त्यांचं म्हणणं. नर नुसता 'चे! चे! चे!' करतो. मादीही घाबरली की 'चे चे' करते, पण नर 'अक्रीत' कधीच म्हणत नाही. म्हणून 'अक्रीत' म्हणणारी दिसली की तिच्या पायात रंगीत कडी अडकवायची. चार-पाच माद्यांना एक नर ठेवते, बाकीचे दसऱ्यापर्यंत विकते.

आवाजाचं शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा, आणि पहिल्या हंगामात डझनभर अंडी पोहोचवा. भिंतीला भिंत असेल तर गिनी पाळूच नका.

पुढच्या वर्षीची अंडी

ज्येष्ठात निघालेली पिल्लं पुढच्या चैत्र-वैशाखात अंड्यावर येतात, आणि कोंबडीच्या हाताखाली वाढली असली तरी अंडं तिच्यासारखं खुराड्यात घालत नाहीत. तालीच्या कडेला, घायपाताच्या बुडाशी, कडब्याच्या गंजीमागं. तीन-चार जणी मिळून एकच घरटं करतात, एकदा माझ्या सुनेला ३४ अंडी एका जागी सापडली. शोधायचं कसं, तर सकाळी दहानंतर नर कुठं उगाचच उभा आहे ते बघायचं. मादी आत बसली की तो जवळपास पहारा करतो. सगळी अंडी एकदम उचलली तर त्या जागा बदलतात, म्हणून चार-पाच तिथंच राहू देते, खूण करून, आणि रोज दुपारी त्या चरायला गेल्या की ताजी तेवढी आणते. तीच जुनी खूण केलेली अंडी चुकून उबवायला ठेवू नका, महिनाभर उन्हात पडलेली असतात.

आणि ही अंडी जमायला लागतात तोच खुराड्याच्या कोपऱ्यात एखादी गावरान अंग फुगवून 'कुर्रर्र' करत बसलेली असते, हात घातला की चावते. तिला उठवू नका. घमेल्यातली वाळू ओली करा आणि तारीख लिहून ठेवा.